धनुष्कोडी : वाळूखाली गेलेले स्थानक

भारताच्या आग्नेय किनाऱ्यालगत रामेश्वरमचे बेट आहे. पूर्वेकडे जाताना हे बेट निमुळते होत जाते आणि अखेरीस वाळूची एक लांब, अरुंद पट्टी तेवढी उरते. पट्टीच्या उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी आणि दक्षिणेला मन्नारचे आखात. या पट्टीवर, रामेश्वरम गावापासून सुमारे अठरा किलोमीटर अंतरावर, धनुष्कोडी नावाचे बंदर आणि रेल्वेस्थानक होते. पन्नास वर्षे या स्थानकावरून दोन देशांमधील वाहतूक चालली. डिसेंबर १९६४ मधील एका रात्री ते नष्ट झाले. आज तेथे काही पडक्या भिंती, पाण्याच्या टाकीचे अवशेष आणि वाऱ्याने वाळू सरकली की मधूनच उघडे पडणारे गंजलेले रूळ एवढेच दिसते.

एखादे स्थानक वादळात पडले, एवढ्यावर त्याचा इतिहास संपत नाही. पडलेली स्थानके पुन्हा उभारली जातात. वाहून गेलेले पूलही पुन्हा बांधले जातात. धनुष्कोडी मात्र पुन्हा उभे राहिले नाही. असे का झाले हे समजून घ्यायचे तर ते स्थानक मुळात कशासाठी निर्माण झाले होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासहून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाणारा प्रवासी आगगाडीने तूतीकोरिन बंदरापर्यंत जाई आणि तेथून आगबोटीने कोलंबो गाठी. हा सागरी प्रवास रात्रभराचा असे. त्याउलट रामेश्वरम बेटाचे पूर्वेकडील टोक आणि सिलोनजवळील मन्नार बेट यांच्यामध्ये फक्त तीसेक किलोमीटर रुंदीचा उथळ समुद्र होता. रूळ या टोकापर्यंत नेता आले, तर समुद्रप्रवास दोन-तीन तासांवर येणार होता. परंतु त्यासाठी आधी मुख्य भूमी आणि रामेश्वरम बेट यांच्यामधील खाडी ओलांडणे आवश्यक होते.

ही अडचण पांबनच्या पुलाने दूर केली. दक्षिण भारतीय रेल्वे कंपनीने १९११ मध्ये कामास आरंभ केला आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पूल वाहतुकीस खुला झाला. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या पुलाला एकशे चाळीसहून अधिक गाळे होते. जहाजांना वाट देण्यासाठी त्यातील एक गाळा उघडता येईल असा केला होता. शिकागो येथील शेर्झर कंपनीच्या पद्धतीने बनविलेल्या या गाळ्याचे दोन्ही भाग दोन बाजूंना वर उचलले जात, आणि हे काम कामगार आपल्या हातांच्या बळावर करीत. पूल झाल्यावर गाडी थेट धनुष्कोडीला जाऊ लागली. पलीकडे सिलोन सरकारच्या रेल्वेने आपला मार्ग तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत आणला होता. दोन्ही धक्क्यांमधून दक्षिण भारतीय रेल्वेच्याच आगबोटी ये-जा करू लागल्या.

या व्यवस्थेमुळे मद्रासच्या एग्मोर स्थानकात काढलेल्या एकाच तिकिटावर कोलंबोपर्यंत प्रवास करता येई. लोक त्या गाडीला ‘बोट मेल’ म्हणत. पुढे तिला ‘इंडो-सिलोन एक्स्प्रेस’ असेही नाव मिळाले. गाडी धक्क्याजवळ येऊन थांबे, प्रवासी सामानासह आगबोटीत चढत आणि पलीकडे दुसरी गाडी त्यांची वाट पाहत उभी असे. धनुष्कोडीला शेती नव्हती की कारखाने नव्हते. गाडी आणि आगबोट यांच्या भेटीचे ठिकाण हेच त्याच्या अस्तित्वाचे कारण होते. या भेटीभोवती हळूहळू एक छोटे शहर वसले. जकात कचेरी, बंदराची कचेरी, टपाल व तारघर, रेल्वेचे रुग्णालय, शाळा, देऊळ, चर्च, धर्मशाळा आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत, असा त्याचा विस्तार होता.

या मार्गावरून तीन प्रकारचे लोक जात. पहिला वर्ग व्यापारी, सरकारी अधिकारी आणि इतर प्रवाशांचा. दुसरा वर्ग यात्रेकरूंचा. धनुष्कोडीच्या टोकाशी दोन समुद्र मिळतात, त्यांना महोदधी आणि रत्नाकर अशी नावे आहेत. या संगमावरील स्नानाशिवाय रामेश्वरची यात्रा पूर्ण होत नाही आणि सेतूची वाळू प्रयागच्या गंगेत सोडल्याशिवाय काशी-रामेश्वरचे चक्र पुरे होत नाही, अशी श्रद्धा आहे. महाराष्ट्रातही ही यात्रा शतकानुशतके पायी केली जात असे. काशीहून रामेश्वराकडे नेत असलेले गंगोदक संत एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजले, ही कथा याच वाटेवरची आहे. रेल्वेने ही वाट काही दिवसांची केली.

तिसरा वर्ग सर्वांत मोठ्या परिणामाचा होता. सिलोनमधील कॉफीच्या आणि नंतर चहाच्या मळ्यांवर तमिळ प्रदेशातून मजूर जात. रेल्वेपूर्वी ते लहान होड्यांतून मन्नारला उतरत आणि पुढे रानावनातून पायी डोंगराळ भागाकडे जात; रोगराईने आणि उपासमारीने त्यांतील पुष्कळ जण वाटेतच मरण पावत. रेल्वेमार्ग झाल्यावर खाडीच्या अलीकडे, मंडपम येथे, सिलोन सरकारची छावणी उभी राहिली. तेथे मजुरांना काही दिवस वेगळे ठेवून त्यांची वैद्यकीय तपासणी होई आणि नंतर धनुष्कोडीमार्गे त्यांची रवानगी केली जाई. कित्येक कुटुंबांनी भारताची भूमी शेवटची पाहिली ती याच धक्क्यावरून.

स्थानकाच्या परिसरातील दैनंदिन जीवनही गाडीशी बांधलेले होते. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे बालपण रामेश्वरममध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाडीचा रामेश्वरमचा थांबा रद्द झाला आणि वृत्तपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम व धनुष्कोडी यांच्या दरम्यान धावत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. वृत्तपत्रांचे वितरण करणाऱ्या आपल्या नातेवाईकाला हे गठ्ठे उचलण्यात मदत करून आपण आयुष्यातील पहिली कमाई केली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

१९६४ च्या डिसेंबरमध्ये अंदमानच्या दक्षिणेकडील समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळे क्वचितच बळावतात, कारण वाऱ्यांना चक्राकार गती देणारा पृथ्वीच्या परिवलनाचा प्रभाव तेथे अत्यल्प असतो. हे वादळ मात्र बळावत गेले. २२ डिसेंबरला सिलोनचा उत्तर भाग ओलांडून ते त्या रात्री धनुष्कोडीवर येऊन आदळले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटरहून अधिक असावा, असा अंदाज आहे.

परंतु अशा वादळात खरा विनाश करते ते पाणी. वादळाच्या केंद्रातील कमी दाबामुळे समुद्राची पातळी काहीशी वर उचलली जाते आणि प्रचंड वेगाचे वारे पाणी किनाऱ्याकडे ढकलीत आणतात. खोल समुद्रात हे पाणी तळाशी परत फिरू शकते. उथळ समुद्रात त्याला वाट मिळत नाही, म्हणून ते साचत साचत भिंतीसारखे उभे राहते. धनुष्कोडीभोवतीचा समुद्र असाच उथळ होता आणि जमीन समुद्रसपाटीहून जेमतेम उंच होती. सुमारे सात मीटर उंचीचे पाणी या पट्टीवरून वाहत गेले. मागे सरण्यास उंच जागा कोठेच नव्हती.

पांबनहून धनुष्कोडीला जाणारी ६५३ क्रमांकाची पॅसेंजर गाडी त्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारास निघाली होती. तिच्यात शंभराहून अधिक प्रवासी होते. स्थानक अगदी जवळ आले असताना लाटांनी सबंध गाडी गिळंकृत केली. तिच्यातील कोणीही वाचले नाही. त्यामुळे शेवटच्या मिनिटांचा साक्षीदारही उरला नाही. तारायंत्राचे खांब कोसळले होते आणि पूल तुटला होता. साहजिकच बाहेरच्या जगाला या दुर्घटनेची वार्ता उशिराने कळली. भारत आणि सिलोन मिळून या वादळातील मृतांची संख्या अठराशेच्या घरात सांगितली जाते.

त्याच रात्री पांबनच्या पुलाच्या सव्वाशेच्या आसपास तुळया समुद्रात पडल्या. उघडणारा गाळा मात्र शाबूत राहिला. दुरुस्तीसाठी रेल्वेने प्रथम सहा महिन्यांची मुदत ठरविली होती, नंतर ती तीन महिन्यांवर आणली. या कामाची जबाबदारी ई. श्रीधरन या तरुण अभियंत्यावर सोपविण्यात आली. पुढे कोकण रेल्वेच्या उभारणीमुळे महाराष्ट्राला परिचित झालेले श्रीधरन ते हेच. स्थानिक कोळ्यांच्या मदतीने बुडालेल्या तुळयांचा शोध घेण्यात आला, त्या पाण्यातून वर काढून पुन्हा बसविण्यात आल्या आणि अवघ्या ४६ दिवसांत पूल पूर्ववत झाला.

म्हणजे सामर्थ्य नव्हते म्हणून धनुष्कोडी उभे राहिले नाही, असे म्हणता येत नाही. पूल दुरुस्त झाला, कारण रामेश्वरम हे तीर्थक्षेत्र होते आणि तेथे जाणारे लोक होतेच. धनुष्कोडीची गोष्ट निराळी होती. मद्रास सरकारने ती भूमी वस्तीस अयोग्य ठरविली. सरकत्या वाळूवर पुन्हा रूळ टाकण्याऐवजी आगबोटीचा धक्काच रामेश्वरमला आणण्यात आला. तेथून ‘रामानुजम’ नावाची आगबोट तलैमन्नारला जाऊ लागली. धनुष्कोडीचे एकमेव काम असे दुसऱ्या ठिकाणी गेले.

हे काम त्या वेळी संपले नव्हते, उलट त्याची दिशा बदलत होती. १९४८ च्या सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरील बहुसंख्य भारतीय वंशाचे मजूर कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नव्हते. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार ५ लाख २५ हजार लोकांना भारताने आणि ३ लाख लोकांना सिलोनने नागरिकत्व द्यावयाचे होते. करारानंतर आठ आठवड्यांच्या आतच धनुष्कोडी नष्ट झाले. ज्या धक्क्यावरून आजोबा-पणजोबा गेले, त्या धक्क्यावर परतणाऱ्यांना उतरता आले नाही. ते रामेश्वरमला उतरले आणि मंडपमच्या त्याच जुन्या छावणीतून, जी भूमी त्यांच्यातील अनेकांनी कधी पाहिली नव्हती, त्या भूमीत विखुरले.

१९८३ मध्ये श्रीलंकेत वांशिक संघर्षाचा भडका उडाला आणि त्या दशकाच्या पूर्वार्धातच रामेश्वरम-तलैमन्नार आगबोट थांबली. संघर्षामुळे पलीकडचा तलैमन्नारचा रेल्वेमार्गही १९९० मध्ये बंद पडला. वादळाने स्थानक नेले होते. मार्ग मात्र माणसांच्या कलहामुळे बंद झाला. मंडपमच्या छावणीत आता निर्वासित येऊ लागले, आणि ते आगबोटीने नव्हे तर मिळेल त्या होडीने येत होते.

आज धनुष्कोडीला जाणे पूर्वीइतके कठीण नाही. पट्टीच्या टोकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत, जाणारा पक्का रस्ता २०१७ मध्ये खुला झाला. अवशेषांमध्ये चर्चच्या भिंती सर्वांत ठळक आहेत. जवळच स्थानकाच्या इमारतीचे आणि टाकीचे भग्नावशेष आहेत. येथील बांधकामात पोवळ्याचा दगड वापरलेला आढळतो. हा दगड सच्छिद्र असतो. खारे दव त्यात मुरते, पाणी उडून जाते आणि मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढून दगड आतून फुटतो. वाऱ्याबरोबर येणारी वाळू त्याचा पृष्ठभाग झिजविते. वादळातून वाचलेल्या भिंती अशा रीतीने दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत आहेत.

अवशेषांच्या आसपास कोळ्यांच्या झोपड्या आहेत. समुद्रापासून काही पावलांवर ते वाळूत उथळ खड्डे खणतात आणि त्यांत गोडे पाणी मिळते. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. फार खोल खणले की पाणी खारे लागते. ज्या भूमीला सरकारने वस्तीस अयोग्य ठरविले, तेथे या ज्ञानाच्या आधारावर माणसे राहत आली आहेत.

रामेश्वरम ते धनुष्कोडी हा मार्ग पुन्हा बांधण्याच्या योजनेचा शिलान्यास २०१९ मध्ये झाला. परंतु रूळ तेथवर पोहोचलेले नाहीत. पांबनच्या जुन्या पुलावरील वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी त्याच्या शेजारी नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा यंत्राच्या साहाय्याने सरळ वर उचलला जातो. खाडीवरील वाऱ्याचा वेग यंत्राने मोजून तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की गाड्या थांबविण्याची पद्धत आता रूढ आहे. ६५३ क्रमांकाच्या गाडीला असे थांबविणारे कोणी नव्हते.

समुद्रापलीकडे, भारताच्या साहाय्याने दुरुस्त झालेल्या मार्गावरून, २०१५ पासून गाडी पुन्हा तलैमन्नारच्या किनाऱ्यापर्यंत येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनम ते कांकेसंतुरै अशी दोन्ही देशांमधील प्रवासी बोटही सुरू झाली. पण तो मार्ग वेगळा आहे. एग्मोरला एकच तिकीट काढून कोलंबोला उतरण्याची सोय मात्र परत आलेली नाही. धनुष्कोडीच्या भिंती पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की तेथे केवळ एक इमारत पडलेली नाही. दोन देशांना दररोज जोडणारी एक व्यवस्था तेथे थांबली आहे, आणि ती परत आणण्याचे काम केवळ अभियंत्यांचे नाही.