आधी दवाखाना, मग पिल्लू!

रविवारची दुपार होती. आमच्या शेजारच्या मनीनं सकाळपासून खाण्याला तोंड लावलं नव्हतं. पलंगाखाली मुटकुळं करून ती पडून होती. घरातली सहावीतली मुलगी तिला मांडीवर घेऊन बसली. अंगाला हात लावला तर चांगलंच गरम! आई-बाबा लग्नाला गेलेले. मुलीला वाटलं, मनीला ताप आलाय. आपल्याला ताप आला की आई जी पांढरी गोळी देते, ती तिनं कपाटातून काढली, अर्धी मोडली, पूड केली आणि तुपात कालवून मनीला चाटवली.

संध्याकाळी मनीला धाप लागली. तोंड सुजलं. एरवी गुलाबी दिसणाऱ्या हिरड्या तपकिरी दिसू लागल्या. मुलगी रडतच माझ्याकडे आली. "काकू, मनी कशीतरीच करतेय!"

मनीला टोपलीत घालून आम्ही निघालो. कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्याला कुलूप. पाटीवर 'रविवारी बंद' एवढेच शब्द. दुसरा दवाखाना कुठं? कुणी म्हणालं, स्टेशनच्या पलीकडे. तिथं गेलो तर तो केव्हाच बंद झालेला. तासभर रिक्षानं फिरलो, तेव्हा कुठं एका दवाखान्यात दिवा दिसला.

डॉक्टरबाईंनी मनीचं तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, "हिला काही औषध दिलंय का?" मुलगी गप्प. मी 'नाही' म्हणणारच होते, कारण मला ठाऊकच नव्हतं. बाई खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे बघ बाळ, तुला कुणी रागावणार नाही. पण तू सांगितलंस तरच हिला काय द्यायचं ते मला कळेल."

तेव्हा हुंदके देत ती म्हणाली, "मीच दिली. तापाची गोळी. अर्धी."

मनी वाचली. तीन दिवस तिला सलाईन आणि विषावरचं औषध द्यावं लागलं. पण त्या तासाभराच्या शोधाशोधीत आणि त्या मिनिटभराच्या गप्प बसण्यात ती हातची जायची वेळ आली होती.

चूक कुठं झाली?

मित्रांनो, त्या मुलीचं मनीवर प्रेम नव्हतं का? होतं. पण नुसत्या प्रेमानं भागत नाही. मांजराच्या शरीराचं तापमान मुळातच साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. कुत्र्याचंही जवळपास तेवढंच. आपलं ९८.६ च्या आसपास. म्हणजे धडधाकट मांजरसुद्धा आपल्या हाताला गरमच लागणार! मनीला ताप नव्हताच. तिसऱ्या दिवशी तिनं केसांचा एक गोळा ओकून टाकला. ती सकाळी का खात नव्हती, त्याचं कारण बहुधा तेच होतं.

आणि ती गोळी? पॅरासिटामॉल. आपलं यकृत ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. त्याचं विष होतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो. म्हणूनच हिरड्या तपकिरी झाल्या.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, डॉक्टर आधी शोधून ठेवायचा. गरज पडल्यावर नाही. दुसरी, डॉक्टरांपासून काहीही लपवायचं नाही.

पाटी नीट वाचा

प्राण्यांचे डॉक्टर होणं सोपं नाही बरं का! बारावीनंतर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकावं लागतं. मग 'बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.' ही पदवी मिळते. त्यानंतर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. दवाखान्यात गेलात की भिंतीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक लावलाय का, ते पाहा. दिसला नाही तर आई-बाबांना विचारायला सांगा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

प्राण्यांचं खाणं आणि पट्टे विकणारे काही दुकानदार 'हे औषध द्या, बरं वाटेल' असं सांगतात. माणूस भला असेल, पण तो डॉक्टर नव्हे. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधं मांजराच्या जिवावर उठतात, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

आपल्याकडे या विद्येला जुनी परंपरा आहे. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं ते १८८६ साली. शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय आहे, तेही एकोणिसाव्या शतकातलं. तेव्हा मुंबईतल्या ट्रामगाड्या घोडे ओढत असत आणि मालाच्या गाड्या बैल. त्यामुळे डॉक्टरांची गरज आधी या कष्टकरी प्राण्यांना होती. घरातली कुत्री-मांजरं मोठ्या संख्येनं दवाखान्याची पायरी चढू लागली, ती पुष्कळ नंतर.

आत गेल्यावर काय पाहाल?

पिल्लू घरी आणण्याआधी एकदा आई-बाबांबरोबर जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत नुसती चक्कर मारून या. फार वेळ लागत नाही. या गोष्टी बघा :

तपासायचं टेबल प्रत्येक प्राण्यानंतर पुसतात का? डॉक्टर हात धुतात का? सुई दर वेळी नवी काढतात का?

लस फ्रीजमधून काढतात का? लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. गरम झालेली लस टोचली काय अन् न टोचली काय, सारखंच. 'वीज गेल्यावर लस कुठं ठेवता?' असं जरूर विचारा. ज्यांनी सोय केली आहे, ते लगेच सांगतील.

डॉक्टर प्राण्याला हात लावण्याआधी त्याच्याशी बोलतात का? तो घाबरला तर थांबतात का? आणि तुमच्याशी बोलतात का? आजार काय, औषध कशासाठी, किती दिवस, हे सोप्या भाषेत समजावणारे डॉक्टर भेटले की निम्मं काम झालं.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : 'रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी काही झालं तर आम्ही कुठं जायचं?' प्रत्येक डॉक्टर चोवीस तास दवाखाना उघडा ठेवू शकणार नाही. त्यांनाही घरदार आहे. पण अशा वेळी कुणाकडे जायचं, एवढं तरी ते सांगू शकतात. तो पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवा.

पैशांबद्दल विचारायला लाजू नका

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. तपासणीचे किती, लशीचे किती, उपचार लांबला तर अंदाजे किती, हे आधीच विचारावं. खर्च परवडणारा नसेल तर मोकळेपणानं सांगावं. पुष्कळदा दुसरं, स्वस्त औषध असतं. न विचारता मध्येच उपचार सोडून देणं मात्र वाईट.

सरकारी दवाखानेही विसरू नका. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांतून पशुवैद्यकीय दवाखाने असतात, जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय असतं. तिथं शुल्क अगदी थोडं असतं. तिथले डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या, बैल तपासतात, तसे कुत्र्या-मांजरांनाही तपासतात. रांग असते, धीर हवा, एवढंच.

पिल्लाची वही

तुमची जशी शाळेची डायरी, तशी पिल्लाचीही एक वही करा. हे काम मुलांनीच करायचं. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, रंग, वजन. पुढं लशी, जंतांची औषधं आणि आजारपणं, तारखेसह. लशीच्या बाटलीवरची चिठ्ठी डॉक्टर कार्डावर चिकटवतात. तिच्यावरची मुदत संपण्याची तारीख वाचा.

कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस देतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन भयंकर रोगांपासून ती वाचवते. एकदा देऊन भागत नाही. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं ती पुन्हा द्यावी लागते. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढं डॉक्टर सांगतील त्या तारखांना. मांजरालाही रेबीजची लस लागते, हे अनेकांना माहीत नसतं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की प्राणी काय किंवा माणूस काय, जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर टोचलेली लस त्याला दारातच अडवते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाला लस टोचली आणि तो जगला. पाश्चर यांची पुण्यतिथी, २८ सप्टेंबर, हा आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी फुकट लसीकरण असतं. चौकशी करा.

दवाखान्यात जाताना

कुत्र्याला साखळी किंवा पट्टा हवाच, तो कितीही गरीब असो. मांजराला झाकणाच्या टोपलीत न्या आणि वर एखादी जुनी चादर टाका. अंधारात ती शांत राहते. लशी पूर्ण न झालेल्या पिल्लाला दवाखान्याच्या जमिनीवर सोडू नका. पार्व्होचे विषाणू जमिनीवर फार दिवस टिकतात. पिल्लू मांडीवरच ठेवा.

पोट बिघडलं असेल तर शी एका छोट्या, स्वच्छ डबीत घेऊन जा. नाक मुरडू नका! जंत आहेत का, ते त्यातूनच कळतं.

आणि खरं सांगा. चॉकलेट दिलं होतं? सांगा. मनुके, द्राक्षं किंवा कांद्याची भजी कुत्र्यानं पळवली होती? सांगा. या गोष्टी कुत्र्यांना बाधतात. गोळ्या द्यायला विसरलात? तेही सांगा. प्राण्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं तुम्हीच बोलायचं असतं.

थांबायचं नाही असं केव्हा?

श्वास घ्यायला त्रास, शीतून रक्त, सारख्या उलट्या, झटके, फुगलेलं पोट, लघवी अडणं, विष पोटात जाणं, गाडीचा धक्का. यांपैकी काहीही झालं तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. बोकड नव्हे, घरचा बोका लघवीसाठी सारखा बसतोय आणि काहीच होत नाही, तर तो 'नखरे' करत नाही. त्याचा जीव धोक्यात असतो.

आणि प्राणी तुम्हाला चावला किंवा त्यानं ओरखडलं, तर? घाबरून लपवायचं नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घरी सांगायचं आणि लगेच दवाखान्यात जायचं. या वेळी मात्र माणसांच्या!

मनी आता मजेत आहे. परवा त्यांच्या घरी गेले होते. फ्रीजवर एक कागद चिकटवलाय. वर दोन दवाखान्यांचे पत्ते, फोन आणि वेळा. खाली लाल स्केचपेननं लिहिलंय : 'मनीला आपल्या गोळ्या द्यायच्या नाहीत. कोणीच. बाबांनीसुद्धा!'

तुमच्या फ्रीजवर असा कागद आहे का? नसेल तर येत्या रविवारी तेवढं काम करून टाका. आणि पिल्लू अजून यायचं असेल, तर फारच छान. आधी दवाखाना बघा, मग पिल्लू आणा.