पऱ्या साफ केला, पण किती दिवस?

आज मी बोलणार आहे पर्यावरणाबद्दल. शब्द मोठा आहे, म्हणून सुरुवात आमच्या वाडीखालच्या पऱ्यापासून करते.

दोन वर्षांपूर्वी ५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, आमच्या चार बचत गटांतल्या तीसेक जणींनी तो पऱ्या साफ केला. सकाळभर खपून बावीस गोणी कचरा काढला. वेफर्सच्या आणि दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, आणि सगळ्यांत जास्त लहान मुलांचे डायपर आणि पाळीचे पॅड. फोटो काढले, घोषणा दिल्या, गोणी गावाबाहेर नेऊन पेटवल्या. तेव्हा वाटलं, काम झालं.

गणपती आले तेव्हा पऱ्या होता तसाच झाला होता.

आम्ही चिडलो. गटाच्या बैठकीत ठरवलं की, पऱ्यात कचरा टाकेल तिला पन्नास रुपये दंड. तेवढ्यात मागे बसलेली एक नवीन सून हळूच म्हणाली, "ताई, दंड घ्या. पण टाकू कुठे ते सांगा. परसात पुरलं तर कुत्री उकरतात. जाळायला जावं तर सासरे अंगणात बसलेले असतात."

कुणीच काही बोललं नाही. कारण उत्तर आमच्यापैकी एकीकडेही नव्हतं. तिच्या घरी कचऱ्याची गाडी येत नाही, तशी ती माझ्याही घरी येत नाही.

तेव्हा मला वेळासची आठवण झाली. वेळास आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं गाव. तिथल्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा बघायलाही येत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे खायचे.

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने तिथे काम सुरू केलं. नुसता 'अंडी खाऊ नका' असा फलक लावून ती माणसं परत गेली नाहीत. गावाला बरोबर घेतलं. वाळूवरचा माग बघून घरटं कुठे आहे हे कुणाला कळतं? गावातल्याच माणसांना. त्याच माणसांकडे राखण दिली. ती पहाटे किनाऱ्यावर फिरतात, घरटं सापडलं की अंडी जपून उचलतात आणि कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, ती मोजून समुद्राकडे सोडतात.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचंच जेवतात. म्हणजे कासव जगलं की घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतात. आता कासव राखा असं तिथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पुढे कोकणातल्या इतर किनाऱ्यांवरही असं काम उभं राहिलं.

आपल्याकडे काही समुद्र नाही, कासवं नाहीत. पण त्यातली एक गोष्ट आम्ही उचलली. ज्या माणसाच्या हातून नुकसान होतं, त्याला आधी विचारायचं. त्याची अडचण सुटली की तोच राखणदार होतो. नुसती जागृती करून पऱ्या साफ राहत नाही.

मग आम्ही दंडाचा ठराव मागे घेतला आणि घरोघर गेलो. तुमच्या घरात कोणता कचरा होतो आणि आज तो कुठे जातो, एवढंच विचारलं. वहीत लिहून घेतलं. पॅड-डायपरचं विचारायला दोघीच जायच्या, तेही घरात पुरुष नसताना. ओला कचरा बहुतेक घरी गुरांना किंवा खड्ड्यात जात होता. प्रश्न होता प्लास्टिकचा आणि पॅड-डायपरचा. हेही कळलं की निम्म्या घरांत चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी वापरतात. मैत्रिणींनो, ते करू नका. तो विषारी धूर आधी आपल्या आणि कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो. आमच्या बावीस गोणी जाळल्या, तीही चूकच होती.

ती वही घेऊन आम्ही महिला ग्रामसभेत गेलो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदाच आहे. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती होते. आमचंही पहिल्या वेळी तसंच झालं. आम्ही बोललो, पण इतिवृत्तात आमचा विषय आलाच नाही. पुढच्या वेळी लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, आणि सभा संपल्यावर विषय लिहिला का ते वाचून मगच सह्या केल्या. ठराव झाला. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)मध्ये घनकचऱ्यासाठी तरतूद असते, तीही मागून घ्यावी लागते.

आज आमच्याकडे पत्र्याची एक शेड आहे. धुऊन वाळवलेलं प्लास्टिक तिथे जमा होतं आणि महिन्यातून एकदा टेम्पोने तालुक्याला जातं. पॅड-डायपर कागदात गुंडाळून टाकायला झाकणाचा वेगळा पिंप आहे, तोही त्याच टेम्पोत जातो. गटातल्या दोघी कापडी पॅड शिवतात. ते स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावे लागतात. दोरीवर उघडं वाळत घालायला अजून पुष्कळजणी लाजतात, म्हणून सगळ्यांनी ते घेतलेले नाहीत. यंदा पऱ्यातून सहा गोणी निघाल्या. शून्य नाही, पण बावीसही नाहीत. शेडची चावी आणि वही कुणाकडे असते, माहीत आहे? 'टाकू कुठे' विचारणाऱ्या त्याच सुनेकडे.

तुमच्या गावात पऱ्या नसेल, विहीर असेल, तळं असेल, देवराई असेल. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं जास्त बसा. एकच काम निवडा. ते कुणामुळे बिघडतं आणि त्या माणसाची अडचण काय, हे विचारा. मागे बसलेल्या बाईला आधी बोलू द्या.