मनगटावरची ठेव : मौल्यवान घड्याळाची घरगुती निगा

व्यापारी घराण्यांत घड्याळ ही केवळ वेळ दाखवणारी वस्तू नसते. लग्नात सासऱ्यांनी दिलेले, पेढीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त घेतलेले, परदेशातल्या मुलाने आणलेले किंवा आजोबांच्या मनगटावरून नातवाच्या मनगटावर आलेले घड्याळ ही त्या घराची एक ठेव असते. दागिन्यांची निगा कशी राखावी हे घरातील स्त्रियांना परंपरेने ठाऊक असते. घड्याळाच्या बाबतीत मात्र तशी परंपरा निर्माण झाली नाही. परिणामी लाख-दोन लाख रुपयांची वस्तू धोतराच्या सोग्याने किंवा ओल्या रुमालाने पुसली जाते आणि बंद पडली की कपाटात टाकली जाते.

वऱ्हाडाचे आणि घड्याळाचे नाते रेल्वेइतके जुने आहे. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला आणि कापसाच्या व्यापाऱ्याला गाडीच्या वेळेशी आपला दिवस जुळवावा लागला. त्याच सुमारास स्विस कंपन्यांनी भारतात पाय रोवले. फाव्र-ल्यूबाचा भारताशी व्यापार १८६५ पासूनचा, तर वेस्ट एंड वॉच कंपनीची मुंबईतील सुरुवात १८८६ ची. स्वातंत्र्यानंतर एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना उभारला. चावी देण्याचे ‘जनता’ आणि ‘पायलट’ घरोघरी पोहोचले. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली आणि कपाटातील ती साधी घड्याळे संग्राहकांच्या शोधाचा विषय झाली. घड्याळाचे मोल केवळ खरेदीच्या किमतीवर ठरत नाही, ते कोणत्या स्थितीत जपले गेले यावरही ठरते, हे यातून ध्यानात यावे.

आत काय चालते?

निगा राखण्यापूर्वी यंत्राची थोडी ओळख हवी. सेलवर चालणाऱ्या घड्याळात स्फटिकाचा एक सूक्ष्म तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. यांत्रिक घड्याळात गुंडाळलेल्या स्प्रिंगची शक्ती दातेरी चाकांतून एका डुलणाऱ्या चक्रापर्यंत जाते. आधुनिक स्विस घड्याळात हे चक्र बहुधा तासाला २८,८०० ठोके देते. म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला २५ कोटींहून अधिक. ही सारी हालचाल तेलाच्या अत्यंत सूक्ष्म थेंबांवर अवलंबून असते. तेल वाळले तरी घड्याळ काही काळ चालत राहते, पण धातूवर धातू घासत असतो आणि झीज वाढत जाते. घड्याळ ‘चालू आहे’ म्हणजे ते ‘ठीक आहे’ असे समजणे म्हणूनच धोक्याचे.

अचूकतेचेही गणित पाहावे. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर प्रमाणपत्राच्या चाचणीत यंत्राची सरासरी चूक दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावी लागते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात ६ सेकंदांची चूक म्हणजे लाख रुपयांच्या हिशेबात सुमारे ७ रुपयांची चूक. एवढी शुद्ध खतावणी लिहिणारा मुनीम मिळाला, तर त्याची काळजी कोण घेणार नाही?

वऱ्हाडातील चार शत्रू

पहिला शत्रू घाम. अकोला-अमरावतीचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. घामातील क्षार पट्ट्याच्या कड्यांत व मागच्या झाकणाच्या कडेला साचतात. पोलाद गंजत नाही असे म्हटले जाते, परंतु मीठ दीर्घकाळ एका जागी राहिले तर चांगल्या पोलादावरही बारीक खड्डे पडू शकतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवणेही तितकेच घातक, कारण उष्णतेने तेल आणि रबरी कडी दोन्ही लवकर म्हातारी होतात.

दुसरा शत्रू धूळ. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात रुईचे तंतू हवेत असतात, डाळमिलमध्ये भुकटी असते. हे तंतू घामाच्या ओलाव्याशी मिसळले की पट्ट्याच्या कड्यांत काळपट लेप तयार होतो. कडी त्यामुळे आतून झिजतात आणि पट्टा सैल पडतो.

तिसरा शत्रू पाणी, आणि येथे सर्वाधिक गैरसमज आहे. तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिले असेल तर ते ३० मीटर खोल पाण्यात नेता येते असा अर्थ नाही. तो आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा असतो. अशा घड्याळाने हात धुताना उडालेले शिंतोडे सहन करावेत, एवढीच अपेक्षा. पोहण्यासाठी साधारण १०० मीटरचे घड्याळ योग्य मानले जाते. शिवाय ही क्षमता कायमची नसते. रबरी कडी कालांतराने कडक होतात, म्हणून पाण्याशी संबंध येणाऱ्या घड्याळाची दाब-चाचणी वरचेवर करून घ्यावी लागते. गरम पाण्याच्या स्नानात तर कोणतेही घड्याळ हातात नसावे.

चौथा शत्रू अदृश्य आहे, तो म्हणजे चुंबक. मोबाइलच्या कव्हरचे झाकण, पर्सची कडी, स्पीकर या साऱ्यांत चुंबक असते. यांत्रिक घड्याळातील केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागते. घड्याळ होकायंत्राजवळ नेल्यावर सुई जोराने हलली तर शंका बळावते. मात्र यात घाबरण्याचे कारण नाही. जाणकार घड्याळजी हा दोष यंत्राच्या साह्याने काही क्षणांत काढून देतो.

घरी स्वच्छता कशी करावी?

प्रथम एक निर्णय घ्यावा : या घड्याळाला पाणी लावायचे की नाही? वडिलोपार्जित घड्याळ, ज्यावर पाणीरोधक असल्याचा उल्लेख नाही असे घड्याळ, काचेला तडा गेलेले किंवा अनेक वर्षांत दाब-चाचणी न झालेले घड्याळ यांना पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. ती चष्म्याच्या मऊ कोरड्या कापडाने पुसावीत आणि कडेची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडावी, एवढेच पुरेसे आहे.

पोलादी पट्ट्याचे आणि पाणीरोधक घड्याळ असेल तर पुढील क्रम पाळावा. बाजूची चावी पूर्ण आत दाबलेली, आणि आट्याची असेल तर घट्ट फिरवलेली आहे याची खात्री करावी. टेबलावर जाड टॉवेल पसरावा, म्हणजे घड्याळ हातातून निसटले तरी फरशीवर आदळणार नाही. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाचे दोन थेंब टाकावेत. लहान मुलांचा मऊ दातब्रश त्यात बुडवून पट्ट्याच्या कड्या, कुलपाचा आतला भाग आणि मागच्या झाकणाची कड हलक्या हाताने घासावी. नंतर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने साबण पूर्ण पुसून काढावा, मऊ कापडाने कोरडे करावे आणि तासभर पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे. हेअर ड्रायरची गरम हवा वापरू नये. पट्टा काढता येत असेल तर तो वेगळा धुणे सर्वांत उत्तम, पण पट्ट्याच्या पिना काढण्याचा सराव नसेल तर तो प्रयोग टाळावा. एक ओरखडा कायमचा राहतो.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूच्या विहिरींचे व बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्याने धुतलेले घड्याळ वाळले की क्षार पुन्हा कड्यांतच राहतात. त्यामुळे शेवटचे कापड फिल्टरच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यातच भिजवावे.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. तांब्या-पितळेची भांडी उजळणारी पूड, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांनी भांडी चमकतात, घड्याळाचा मुलामा मात्र निघून जातो. दागिने धुण्याच्या कंपनयंत्रात अखंड घड्याळ कधीही टाकू नये. अत्तर, सेंट आणि सॅनिटायझर आधी लावावे, ते वाळू द्यावे आणि मग घड्याळ बांधावे. काचेखाली वाफ दिसली तर घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सुचवला जातो. त्याने आत शिरलेले पाणी निघत नाही आणि वेळ मात्र वाया जातो. त्याच दिवशी घड्याळजीकडे जाणे हाच खरा उपाय.

पट्ट्याचा प्रश्न

महागड्या घड्याळांना बहुधा वासराच्या किंवा मगरीच्या कातड्याचा पट्टा असतो. अहिंसेचा आचार पाळणाऱ्या घरात तो खटकणे स्वाभाविक आहे. भेट आलेले घड्याळ केवळ पट्ट्यामुळे कपाटात पडून राहते, असेही घडते. वास्तविक पट्टा हा घड्याळाचा सहज बदलता येणारा भाग आहे. दोन शिंगांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून, साधारणतः १८, २० किंवा २२, त्या मापाचा पोलादी, रबरी किंवा नायलॉनचा पट्टा बसवता येतो. नवीन खरेदी करतानाच कातड्याऐवजी पोलादी पट्टा देण्याची मागणी करावी. वऱ्हाडाच्या घामट हवेत कातडे लवकर कुजते आणि दुर्गंधी धरते, त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीनेही हा निर्णय शहाणपणाचाच ठरतो.

वापर आणि साठवण

हाताने चावी द्यायचे घड्याळ रोज ठरावीक वेळी, मनगटावरून काढून, हलक्या हाताने भरावे आणि अडथळा जाणवताच थांबावे. तारीख दाखवणाऱ्या यांत्रिक घड्याळाची तारीख रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत हाताने बदलू नये, कारण तेव्हा आतील चाके स्वतःच तारीख पालटण्याच्या कामात गुंतलेली असतात. सेलचे घड्याळ बंद पडले तर मेलेला सेल लगेच काढून टाकावा. तो आतच राहिला तर त्यातील रसायन झिरपून यंत्र खाऊन टाकते.

अनेक घरांत घड्याळ दागिन्यांबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये जाते आणि वर्षानुवर्षे बाहेर येत नाही. असे ठेवायचेच असेल तर आधी ते स्वच्छ व कोरडे करावे, सेल काढावा, मऊ कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नयेत. यांत्रिक घड्याळ काही महिन्यांनी बाहेर काढून थोडा वेळ चालवावे. लॉकरमधील वस्तूंचा विमा बँक उतरवत नाही. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अपहारामुळे नुकसान झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. वार्षिक भाडे ३,००० रुपये असेल, तर ही मर्यादा ३ लाख रुपये होते. मौल्यवान घड्याळाचा स्वतंत्र विमा म्हणूनच विचारात घ्यावा.

कागदपत्रे हीही निगाच

खरेदीची पावती, हमीपत्र, मूळ डबी, घड्याळाचा अनुक्रमांक आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद एका पाकिटात ठेवावी. चोरीची तक्रार, विम्याचा दावा, वाटणी किंवा विक्री, प्रत्येक वेळी हेच पाकीट कामी येते. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो. तो खरेदीदाराच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. कोणत्याही विक्रेत्याला एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. पावतीविना घेतलेले स्वस्त ‘परदेशी’ घड्याळ बहुधा बनावट निघते आणि त्याला कोणतीही निगा वाचवू शकत नाही.

घड्याळजीकडे केव्हा जावे?

यांत्रिक घड्याळाची संपूर्ण सफाई व तेलपाणी कंपनीनुसार साधारण ५ ते १० वर्षांनी करावे लागते. हा खर्च काहींना जड वाटतो. परंतु हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर हा दुरुस्तीखर्च आहे, आणि तो टाळला तर घसारा वाढतो. जुने घड्याळ देताना दोन गोष्टी स्पष्ट लिहून द्याव्यात : तबकडी नव्याने रंगवू नये आणि कवचाला पॉलिश करू नये. पॉलिशमध्ये दर वेळी थोडा धातू जातो, कडा बोथट होतात आणि जाणकार खरेदीदार किंमत कमी करतो. आजोबांच्या घड्याळाची किंचित पिवळी पडलेली तबकडी हा दोष नसून तिच्या अस्सलपणाची खूण आहे.

दोन घटिकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे सामायिक आणि सूर्योदयानंतर तितक्याच वेळाने येणारी नवकारसी ज्या घरांत पाळली जाते, तेथे वेळेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ती वेळ दाखवणाऱ्या यंत्रासाठी आठवड्यातून दोन मिनिटांची कोरडी पुसणी, महिन्यातून एकदा पट्ट्याची स्वच्छता आणि वर्षातून एकदा, दिवाळीत वह्या बदलताना, घड्याळाच्या पाकिटातील नोंदींची तपासणी, एवढा नेम घरातील एका व्यक्तीने पत्करला, तर आज विकत घेतलेले घड्याळ नातवंडांच्या मनगटावरही अचूक चालेल.