भाड्याच्या खोल्या आणि भुकूमचे पाणी

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याने पश्चिमेस निघाले, म्हणजे भूगाव व तेथील मानस तलाव ओलांडल्यावर थोड्याच वेळात भुकूम लागते. आणि पुढे पिरंगुटचा घाट सुरू होण्यापूर्वी रस्त्यालगत व आतल्या आळ्यांतून ज्या दुमजली-तिमजली इमारती दृष्टीस पडतात, ज्यांच्या जिन्याखाली विजेच्या मीटरांची आणि गच्चीवर काळ्या टाक्यांची ओळ मांडलेली असते, त्यांना गावकरी नुसते ‘खोल्या’ म्हणतात. अशीच एक आठ बिऱ्हाडांची इमारत, सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आणि थोड्या कर्जातून, आपल्या नावे करून घ्यावी, असा विचार माझ्या एका स्नेह्यांच्या मनात गेल्या उन्हाळ्यात आला, व हिशेबाला सोबत असावी म्हणून त्यांनी मलाही बरोबर नेले.

घरमालकी या व्यवसायाविषयी पुणेकराच्या मनात जी जुनी अढी आहे, ती निष्कारण नाही. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाड्याची सांगड 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याशी घातली, आणि पेठांतील वाड्यांचे मालक, कौले शाकारण्याइतकेही उत्पन्न हाती येत नसल्यामुळे, आपल्याच मिळकतीची पडझड मुकाट्याने पाहत बसले. पुढे 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या वाड्यांचा जो निकाल लावला, त्याची पूर्वतयारी काही अंशी या थिजलेल्या भाड्यानेच करून ठेवली होती, असे माझे मत आहे. भाडे असे गोठवून ठेवणे वाजवी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली सांगितले; त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला, आणि रजा व परवान्याचा करार, ज्याला बोलण्यात सगळे ‘अकरा महिन्यांचे ॲग्रीमेंट’ म्हणतात, तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असा दंडक झाला. भुकुमातील किती मालक तो पाळतात, हा प्रश्न मी तेथे कोणाला विचारला नाही.

येथे राहावयास येतो कोण, हे आधी पाहिले पाहिजे. पिरंगुटच्या कारखान्यांतील कामगार, कोथरूड-बावधनकडे रोज दुचाकीने जाणारी नोकरदार जोडपी, बांधकामांवरील मुकादम, शाळांच्या बसगाड्यांचे चालक, अशी ही वस्ती असते. लवळ्याच्या टेकडीवरील विद्यापीठांकडे बोट दाखवून दलाल विद्यार्थ्यांची आशा लावतात, परंतु त्या संस्थांची स्वतःची वसतिगृहे आहेत, आणि बाहेर राहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या अपेक्षा या खोल्यांत बसणाऱ्या नव्हेत. तेव्हा तो भरवसा हिशेबात धरू नये.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, परंतु पद्धत तीच राहील. आठ बिऱ्हाडे, दरेकी दरमहा 8,000 रुपये, म्हणजे वर्षाचे 7,68,000. किंमत 1 कोटी 20 लाख. दलाल येथेच थांबतो आणि सव्वासहा टक्क्यांहून अधिक उत्पन्न म्हणून टाळी मागतो. पण दर बिऱ्हाड वर्षातून सरासरी एक महिना रिकामे राहील असे धरले की 64,000 गेले. घरपट्टी, जिन्याचे दिवे व मोटारीची वीज यांचे 40,000. झाडलोट व देखरेख 48,000. रंग, गळती, नळ, ड्रेनेज यांचे 70,000. आणि उन्हाळ्याचे चार महिने दिवसाआड एक टँकर, प्रत्येकी 1,500 रुपयांनी, म्हणजे साठ टँकरांचे 90,000. हाती उरतात 4,56,000, म्हणजे शेकडा 3.8. निम्मी रक्कम नऊ टक्क्यांनी कर्जाऊ काढली, तर पहिल्या वर्षाचे केवळ व्याजच 5,40,000 होते. अर्थात इमारत मालकाला पोसण्याऐवजी मालकच दरसाल इमारतीला पोसू लागतो. कर्ज न काढता निव्वळ सहा टक्के पदरात पडावेत, अशी ज्याची इच्छा असेल, त्याने या इमारतीचे 76 लाखांहून अधिक देऊ नयेत. (प्राप्तिकराच्या आकारणीत घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून तीस टक्के सूट मिळते खरी, पण खर्च प्रत्यक्षात त्याहून अधिक झाला म्हणून सूट वाढत नाही.)

मग गावातली माणसे या धंद्यात सुखी कशी दिसतात? कारण वडिलोपार्जित जागेवर ज्याने अशाच आठ खोल्या 50 लाखांत उभ्या केल्या, त्याला तेच 4,56,000 नऊ टक्क्यांहून अधिक पडतात. जमिनीचे मोल त्याने हिशेबात धरलेलेच नसते. ते धरावे की न धरावे हा त्याचा प्रश्न. परंतु बाहेरून येणारा मनुष्य नेमके तेच मोल रोख मोजून देतो, आणि उत्पन्नाची अपेक्षा मात्र गाववाल्याची ठेवतो.

पाण्याकडे पुन्हा येतो, कारण खरी गोम तेथेच आहे. डोंगरउताराचा हा पट्टा. रामनदी उगम पावते ती याच बाजूला, खाटपेवाडीच्या डोंगरात. पावसाळ्यात ओढे दुथडी वाहतात, आणि मार्च उलटला की बोअरची मोटार हवा ओढू लागते. आम्ही गच्चीवर चढलो तेव्हा दोन टाक्यांच्या तळाशी विटकरी गाळ होता, आणि खाली फाटकापाशी हिरव्या पाइपाचे वेटोळे, तोंडाला चिंधी बांधून, जय्यत तयार पडले होते. मालकाचे वृद्ध वडील बाजेवर बसले होते, माझ्या स्नेह्यांनी भाड्याची चौकशी चालवली, तेव्हा ते म्हणाले, “काका, भाडं काय, कुठंबी येतंय. चैत-वैशाखात किती टँकर लागत्यात, ते इचारा की.” मुलाने त्यांच्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यावरून आमचा साठाचा आकडा फारसा चुकला नसावा.

राहता राहिले दप्तर. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा हुकूम, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद एकमेकांशी जुळतात की नाही, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घरपट्टीची नोंद आहे, एवढ्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. 2015 पासून या टापूचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. गुंठा-दोन गुंठ्यांचे सौदे बरीच वर्षे 1947 च्या तुकडेबंदी कायद्याच्या कचाट्यात सापडत असत, आणि एकाच सातबाऱ्यावर दहा-बारा परक्या माणसांची सामाईक नावे असली, तर अशा हिश्श्यावर कर्ज मिळणे कठीण होते आणि पुढे गिऱ्हाईक मिळणे त्याहून कठीण. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला महारेराच्या नोंदणीची सक्ती नाही, ही गोष्ट विक्रेते सोय म्हणून सांगतात; घेणाऱ्याने ती आपल्या डोक्यावरचे एक छत्र कमी, अशी ऐकावी.

परतताना स्नेह्यांनी भूगावात चहासाठी गाडी थांबवली, वहीच्या मागल्या पानावर 76 हा आकडा लिहून त्याभोवती दोनदा वर्तुळ काढले, आणि मालकाला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. मात्र त्यांनी “बरं, मग पावसाळ्यानंतर नको, येत्या वैशाखातच पुन्हा येतो” असे म्हणून फोन ठेवला.