चौपालीवरचा संगणक



इंदूर म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना होळकरांचा राजवाडा आणि अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण आठवते. परंतु त्या शहराची आज आणखी एक ओळख आहे. भोवतालच्या माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पिकते, आणि सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९८७ साली इंदूरलाच स्थापन झाले. याच सोयाबीनच्या व्यापारात मध्य प्रदेशात संगणकाचा जो प्रयोग झाला, तो आपल्या खेड्यांतील कुटुंबांनी समजून घेण्याजोगा आहे.

पूर्वीची रीत अशी होती. शेतकरी गाडी भरून मंडीत येई. तेथे लिलाव होईपर्यंत आपल्या मालाला काय भाव मिळणार हे त्याला ठाऊक नसे. भाव पटला नाही तरी एवढ्या दूर आणलेला माल परत नेणे परवडत नसे. पुढे वजनाच्या काट्यावर थोडे कमी भरे, आणि पैसेही पुष्कळदा लगेच हाती पडत नसत. भावाची माहिती व्यापाऱ्याजवळ आणि अज्ञान शेतकऱ्याजवळ, असा तो विषम व्यवहार होता.

जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने ‘ई-चौपाल’ सुरू केली. चौपाल म्हणजे गावकऱ्यांची बैठकीची जागा, आपल्याकडील चावडी किंवा पार. कंपनीने गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसविला. विजेचा भरवसा नव्हता म्हणून सौर पॅनेल आणि बॅटऱ्या दिल्या. टेलिफोनच्या तारा कुचकामी ठरल्या, तेव्हा उपग्रहामार्फत जोडणी केली. संकेतस्थळावर हिंदीतून मंडीचे भाव, हवामान आणि शेतीचा सल्ला मिळू लागला. शेतकरी घरबसल्या भाव पाही. पटला तर कंपनीच्या केंद्रावर माल नेई; तेथे विजेच्या काट्यावर वजन होई आणि पैसे मिळत. न पटल्यास मंडीचा रस्ता मोकळाच होता.

परिणाम काय झाला? अपराजिता गोयल या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, ही केंद्रे आल्यानंतर त्या भागातील मंड्यांमध्येच सोयाबीनचा सरासरी भाव शेकडा एक ते तीन या प्रमाणात वाढला. म्हणजे ज्याने कंपनीला एक दाणाही विकला नाही, त्यालाही लाभ झाला. शेतकऱ्याला बाहेरचा भाव ठाऊक आहे एवढे कळताच खरेदीदाराला हात सैल सोडावा लागला.

परंतु, वाचकहो, या कथेचे मर्म यंत्रात नाही. ज्या शेतकऱ्याच्या घरी संगणक असे, त्याला ‘संचालक’ म्हणत. त्याला व्यवहारामागे कमिशन मिळे. तथापि काम हाती घेण्यापूर्वी तो सर्व गावासमोर शपथ घेई. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना पडद्यावरचा भाव तोच वाचून दाखवी. त्याने एक आकडा खोटा सांगितला असता, तर उपग्रह आणि सौर पॅनेल सारेच व्यर्थ गेले असते. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांचा ग्रंथ काय सांगतो, हे आपण जाणतोच. आजचा तराजू काचेच्या पडद्यावर असतो, एवढाच फरक.

या प्रयोगाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कंपनीने काही अडत्यांना आपल्या व्यवस्थेत ‘संयोजक’ म्हणून सामावून घेतले. परंतु मंडीत माल कमी आला की तेथील हमालाच्या पाठीवरचे ओझे उतरते आणि त्याबरोबर त्याची मजुरीही जाते. नवे यंत्र आले की कोणाची तरी भाकर हलते. म्हणूनच पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून श्रमिकांची बाजू मांडली. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ यांनी तेच नाव धारण केले, आणि त्याचे कारण सांगताना त्या परिपत्रकाचा व आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या तरुणांपैकी कोणी भाजीपाला, फुले किंवा घरगुती लोणची विकण्यासाठी संकेतस्थळ काढतात. आरंभी मोठा उत्साह असतो. सहा महिन्यांनी पाहावे तर भाव गेल्या हंगामाचे, फोन नंबर बदललेला आणि आलेल्या पत्राला उत्तर नाही. संकेतस्थळ हे दुकानच आहे. रोज सकाळी ते झाडावे लागते आणि दारात कोणीतरी बसावे लागते. म्हणून ते उघडण्यापूर्वी घरात बसून ठरवा: भाव कोण बदलणार, गिऱ्हाइकाला उत्तर कोण देणार, आणि चूक झाल्यास ती कबूल कोण करणार? आणखी एक प्रश्न विसरू नका. आजवर आपला माल वाहणाऱ्या किंवा बाजारात बसून विकणाऱ्या माणसाला या नव्या व्यवस्थेत कोणते काम देणार?

२०२२ साली त्याच कंपनीने मोबाइल फोनवरील ‘आयटीसीमार्स’ ही नवी सेवा आणली. साधने अशीच बदलत राहतील. गावासमोर दिलेला शब्द पाळणारा माणूस मात्र प्रत्येक साधनापाशी लागेल. असा माणूस घडविणे हे कंपनीचे काम नव्हे. ते आपल्या घरांचे आणि आपल्या धर्मग्रामाचे काम आहे.