जलप्रवासातील बालकांची सुरक्षितता : जॅकेट नावेत नको, अंगावर हवे

नाताळची सुट्टी असो वा मे महिन्याची, आपली अनेक कुटुंबे या दिवसांत पाण्याच्या वाटेने प्रवास करतात. कोणी मार्व्याहून मनोरीला जातात, कोणी अर्नाळ्याचा किल्ला पाहण्यासाठी होडीत बसतात, कोणी गेटवेहून घारापुरीची लेणी तर कोणी मालवणहून सिंधुदुर्ग पाहून येतात. सोबत मुले असतात आणि पुष्कळदा आईच्या कडेवर तान्हे बाळही असते. प्रवास सुखाचा होतो, छायाचित्रे काढली जातात आणि सारे घरी परततात. परंतु त्या प्रवासात मुलाच्या अंगावर लाइफ जॅकेट होते काय, असे विचारले तर बहुतेक पालकांचे उत्तर एकच असते : ‘नावेत होती की जॅकेटे!’ या उत्तराविषयीच आम्ही आज वाचकांशी चार शब्द बोलू इच्छितो.

गेल्या काही वर्षांतील तीन घटना आठवून पाहाव्यात. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनी मृत्युमुखी पडल्या. मुलांच्या अंगावर जॅकेटे नव्हती, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी नोंदविले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका दगावल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि जॅकेट सर्वांच्या अंगावर नव्हते. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या दुर्घटनेत १५ जणांचे प्राण गेले. मृतांत लहान मुलेही होती. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींतील प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

या तीनही घटनांत एक गोष्ट समान आहे. संकट पूर्वसूचना देऊन आले नाही. नाव कलंडते तेव्हा ती काही क्षणांत कलंडते. माणसे एकमेकांवर कोसळतात, बाके सरकतात, छताखाली पाणी शिरते. अशा वेळी बाकाखाली किंवा टपाला बांधून ठेवलेले जॅकेट शोधायचे, सोडवायचे, रडणाऱ्या मुलाला घालायचे आणि त्याचे पट्टे आवळायचे, हे कोणाही आईबापाला शक्य नसते. म्हणून जॅकेट घालण्याची जागा एकच : किनाऱ्यावर, धक्क्यावर, नावेत पाऊल टाकण्यापूर्वी. आणि ते काढण्याची जागाही तीच, पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यानंतर.

‘आम्ही किनाऱ्यावरची माणसे, आमच्या मुलांना पाण्याची सवय आहे,’ असे काही पालक अभिमानाने सांगतात. त्यांचा अभिमान आम्हाला मान्य आहे; पण विहिरीत वा तलावात पोहणे वेगळे आणि कपड्यांनिशी, बूट घालून, घाबरलेल्या स्थितीत अकस्मात खोल पाण्यात पडणे वेगळे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते पाण्यात पडले की तोंड वर ठेवणे त्याला कठीण जाते. शिवाय बुडणारे मूल बहुधा हाका मारीत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला ओरडता येत नाही, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसालाही पुष्कळदा काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती.

आता जॅकेटाच्या मापाविषयी. येथेच सर्वांत मोठी चूक घडते. मुलासाठी जॅकेट मागितले असता खलाशी मोठ्या माणसाचे जॅकेट देतो आणि आपण ते मुलाच्या गळ्यात अडकवून निश्चिंत होतो. असे सैल जॅकेट पाण्यात वर उचलले जाते आणि मूल खालून निसटते. किंवा जॅकेटच त्याच्या तोंडावर येते. जॅकेटाचे माप वयावरून नव्हे, तर मुलाच्या वजनावरून ठरते. समुद्रावरील जीवरक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांसाठी एक, १५ ते ४३ किलोपर्यंतच्या मुलांसाठी दुसरे आणि त्यापुढे प्रौढांसाठी तिसरे माप मानतात. परदेशी जाणाऱ्या प्रवासी जहाजांवर एकूण प्रवाशांच्या किमान १० टक्के इतकी मुलांची जॅकेटे ठेवावी लागतात. मुले त्याहून अधिक असल्यास प्रत्येक मुलासाठी एक, असा तो नियम आहे. आपल्या खाडीतल्या होडीला हा नियम लागू नसला तरी त्यामागचे तत्त्व आपल्यालाही लागू आहे.

जॅकेट मुलाला नीट बसले आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. सर्व बक्कले लावून पट्टे आवळावेत. मुलाला दोन्ही हात वर करावयास सांगावे आणि जॅकेट खांद्यांजवळ धरून हळूच वर उचलावे. ते हनुवटी वा कानांपर्यंत सरकले, तर जॅकेट मोठे आहे असे समजावे. अगदी लहान मुलांच्या जॅकेटाला आणखी तीन गोष्टी असणे आवश्यक : दोन पायांमधून घेऊन बांधावयाचा पट्टा, डोक्याला आधार देणारी मानेमागची गादी आणि मुलाला पाण्यातून उचलून घेण्यासाठी पाठीवर मूठ. पायांमधला पट्टा पुष्कळ पालक अडचणीचा म्हणून सोडून देतात. परंतु मूल जॅकेटातून निसटू नये म्हणूनच तो असतो.

जॅकेटाची अवस्थाही पाहावी. त्यातील फोममुळे माणूस तरंगतो. ज्या जॅकेटांवर वर्षानुवर्षे बसण्याचे वा उशी म्हणून झोपण्याचे काम झाले आहे, त्यांतील फोम दबून गेलेला असतो. कापड विरलेले, शिवण उसवलेली, बक्कल तुटलेले असे जॅकेट मुलास घालू नये. दुसरे मागून घ्यावे. हवा भरलेली ट्यूब आणि दंडावरचे फुगे ही पोहण्याच्या तलावातील खेळणी होत. ती जॅकेटाची जागा घेऊ शकत नाहीत.

तान्ह्या बाळाविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. त्याच्या मापाचे जॅकेट आपल्याकडील बोटींवर सहसा आढळत नाही. आईने बाळाला घट्ट धरले की झाले, असे आपण मानतो. पण नाव उलटताना कोणाचेही हात सुटतात. बाळाला ओढणीने वा दोरीने स्वतःच्या अंगाशी अथवा नावेला बांधणे तर अधिकच घातक आहे. बाळाच्या मापाचे जॅकेट मिळत नसेल आणि प्रवास टाळता येण्यासारखा असेल, तर तो टाळणेच शहाणपणाचे होय. जे कुटुंब वारंवार जलप्रवास करते त्याने मुलांची जॅकेटे स्वतःच विकत घेतलेली बरी. घरी आणल्यावर उथळ पाण्यात मुलाला धरून एकदा त्याची परीक्षा करावी : मुलाचे तोंड पाण्याबाहेर राहिले पाहिजे. मूल वाढते तसे जॅकेटही बदलावे लागते.

पालकांनी स्वतःही जॅकेट घालावे. मूल मोठ्यांचे पाहून शिकते, हे एक कारण. आणि पाण्यात धडपडणारा बाप मुलाला वाचवू शकत नाही, हे त्याहून मोठे कारण.

धर्मग्रामांतून व शाळांतून मुलांच्या सहली काढणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विशेष विनंती आहे. सहलीच्या यादीत मुलाच्या नावापुढे त्याचे वजन लिहून घ्यावे. बोटमालकाशी पैशांची बोलणी करण्यापूर्वी त्या वजनांची किती जॅकेटे आहेत, हे विचारावे आणि शक्य तर ती डोळ्यांनी पाहावीत. बोटीची प्रवासी क्षमता किती, हेही विचारावे. त्याहून एकही माणूस अधिक असल्यास दुसऱ्या फेरीची वाट पाहावी. जॅकेटे अपुरी असतील तर सहल किनाऱ्यावरच करावी. मुले थोडी हिरमुसतील, कोणी आपणास भित्रेही म्हणेल. ते निमूटपणे ऐकून घ्यावे. आपल्या विश्वासावर आईबापांनी सोपविलेली सारी मुले संध्याकाळी घरी पोहोचविणे, ही त्या दिवसाची पहिली जबाबदारी आहे.

येत्या सुट्टीत धक्क्यावर उभे असताना तांडेल म्हणेल, ‘दहा मिनिटांचा तर रस्ता, जॅकेट कशाला?’ त्या वेळी नम्रपणे, पण ठामपणे मुलाच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे, बक्कले लावावीत आणि मगच नावेत पाऊल ठेवावे.