परदेशी माल, बेकार कामगार आणि राष्ट्राचें कर्तव्य

बाजारांत एखादा टुवाल पूर्वीच्या निम्म्या किंमतीस मिळूं लागला म्हणजे आपण तो आनंदानें विकत घेतों. तो इतका स्वस्त कां झाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पुष्कळदां त्याचें उत्तर असें असतें कीं, तो परदेशांतून आला आहे, आणि तसाच टुवाल विणणारी स्वदेशांतील एखादी गिरणी त्यामुळें बंद पडली आहे. स्वस्ताईचा लाभ लाखों घरांत थोडाथोडा वांटला जातो. हानि मात्र एखाद्या गांवांतील कांहीं हजार कुटुंबांवर एकदम कोसळते. ही हानि कोणीं सोसावी? अमेरिकेनें ह्या प्रश्नाचें उत्तर सुमारें साठ वर्षें कायद्याच्या द्वारें देऊन पाहिलें. त्या प्रयत्नाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस बोधप्रद होईल, अशा समजुतीनें ती येथें थोडक्यांत देतों.

१९५४ च्या सुमारास तेथील पोलाद-कामगारांच्या संघाचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डोनाल्ड ह्यांनीं ही कल्पना पुढें मांडली. राष्ट्राच्या हितासाठीं परदेशी मालावरील जकात कमी करावयाची, तर त्यामुळें ज्यांची भाकरी जाते त्यांची सोयहि राष्ट्रानेंच लाविली पाहिजे, हें तिचें सार. पुढें अध्यक्ष केनेडी ह्यांच्या कारकीर्दींत १९६२ सालीं व्यापारविस्ताराचा कायदा झाला व त्यांत ह्या साहाय्याची तरतूद झाली. परंतु अटी इतक्या कडक होत्या कीं, पहिलीं सात वर्षें कामगारांचा एकहि अर्ज मंजूर झाला नाहीं! जकात उतरविल्यामुळें आयात वाढली व मुख्यतः तिच्यामुळेंच आपलें काम गेलें, हें सिद्ध करावें लागे. साध्या मजुरास तें कसें साधावें? १९७४ च्या कायद्यानें ही अट सैल केली. वाढती आयात हें काम जाण्याचें एक महत्त्वाचें कारण आहे, एवढें दिसलें म्हणजे पुरे झालें.

तीन कामगारांनीं मिळून, अथवा त्यांच्या संघानें, मजूरखात्याकडे अर्ज करावा; खात्यानें चौकशी करून दाखला द्यावा, अशी रीति होती. दाखला मिळाल्यावर नवा धंदा शिकण्याचा खर्च, बेकारी-विम्याची मुदत संपल्यावर शिक्षण चालू असेपर्यंत आठवड्याचा भत्ता, आणि परगांवीं काम शोधण्यास व बिऱ्हाड हलविण्यास मदत मिळे. पन्नाशी गांठलेल्यांसाठीं २००२ च्या कायद्यानें एक निराळी सोय केली. समजा, वर्षाला ४०,००० डॉलर मिळविणाऱ्यास नवें काम ३०,००० डॉलरांचेंच मिळालें. तर ह्या तुटीचा अर्धा भाग, म्हणजे ५,००० डॉलर, सरकार भरून देई. ही मदत दोन वर्षें, व एकूण १०,००० डॉलरांपर्यंतच असे.

कायदा कागदावर वाचणें निराळें आणि माणसांच्या आयुष्यांत पाहणें निराळें. नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत कॅनापोलिस हें गांव टुवाल व चादरी विणणाऱ्या गिरणीभोंवतींच वसलेलें. ३० जुलै २००३ रोजीं ती गिरणी बंद झाली आणि त्या परिसरांतील चार हजारांहून अधिक लोक एका दिवसांत बेकार झाले. पुष्कळांनीं शाळा अर्धवट सोडून गिरणीची वाट धरली होती. आतां ह्या साहाय्याच्या बळावर ते जवळच्या महाविद्यालयांत जाऊन पुन्हा बांकावर बसले. कित्येकांस तर आधीं शालेय परीक्षेचीच तयारी करावी लागली. तीस वर्षें माग चालविलेल्या हातांनीं पुन्हा पाटी-पेन्सिल धरणें किती कठीण, हें आम्हां शिक्षकांस सांगावयास नको.

ह्या साहाय्याचें फळ काय झालें? २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, लाभ घेतलेल्यांची कमाई पहिल्या चार वर्षांत तशाच इतर बेकारांहून कमीच भरली. कारण ते शिकत होते तोंवर इतर कमावूं लागले होते. उलट २०१८ सालच्या एका अभ्यासांत दहा वर्षांचा हिशेब करतां त्यांची एकूण कमाई अधिक ठरली. पेरणीच्या दिवशींच कापणी मोजूं नये, हेंच खरें. तथापि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करणें बंद झालें.

ह्या योजनेवरील एक आक्षेप मात्र आम्हांस विचारार्ह वाटतो. आयातीमुळें काम गेलें तर साहाय्य, आणि यंत्रामुळें गेलें तर तें नाहीं, हा भेद कां? चूल दोन्ही घरीं सारखीच विझते. भारत सरकारनें १९८६ सालीं कायमच्या बंद झालेल्या कापडगिरण्यांतील कामगारांसाठीं जी योजना काढिली, तींत आयातीचा पुरावा मागितला नव्हता. ठराविक पगाराच्या आंतील कामगारांस पहिल्या वर्षीं वेतनाचे ७५, दुसऱ्या वर्षीं ५० व तिसऱ्या वर्षीं २५ टक्के देण्याचें तींत ठरलें. २०१७ सालीं ती दुसऱ्या योजनेंत विलीन झाली.

तात्पर्य, सर्वांच्या सुखासाठीं ज्या थोड्यांचें काम जातें, त्यांस दिलेलें साहाय्य ही भिक्षा नव्हे. तें समाजाच्या डोक्यावरील ऋण होय. आणि ऋण वेळेवर फेडलें तरच त्याची शोभा. आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वस्त वस्तु अवश्य घ्यावी. पण घेतांना तिच्या किंमतीचा उरलेला भाग कोणीं भरला, हेंहि मनांत आणावें.